खाऱ्या पाण्याचं रीळ

आप्पांनी रिळाची चकती बाहेर काढली, आतल्या खोबणीत बोट फिरवलं आणि ते बोट सरळ जिभेला लावलं. खारट!

आता तुम्ही म्हणाल, मासे पकडायच्या रिळात बोट घालून चाखणारा हा माणूस कसला? तर आप्पा तसलेच. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. दुसऱ्याच्या वस्तूचं पोट उघडून आत काय काय लपलंय ते भिंगातून बघायची सवय. कोणी बंद घड्याळ आणून दिलं की आप्पा आधी गिऱ्हाइकाकडे बघायचे, मग घड्याळाकडे. 'पाण्यात वगैरे पडलं नाही हो' असं गिऱ्हाईक आपणहून म्हणालं की ते पाण्यातच पडलं असणार, हे आप्पांचं ठरलेलं. आणि बहुतेक वेळा तसंच निघायचं. तिथंच सगळा घोळ झाला. माणूस चार वेळा खोटा ठरला असता तर सुधारला तरी असता.

रीळ मुळात त्यांचंच. गुडघे धड होते तोवर दर रविवारी आप्पा गावाबाहेरच्या तळ्यावर जायचे. गळाला किडे लावणं त्यांना पसंत नव्हतं. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी, ती लांब दोरीच्या झोक्याने पाण्यावर अलगद टाकायची. मासा फसला की मग रिळाचं काम. तो पळायला लागला की ब्रेकवर दोरी सोडायची, थांबला की गुंडाळायची. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर आप्पांनी काठी आणि रीळ जावयाच्या हवाली केलं आणि त्याला शिकवलंही. उजव्या हातात काठी, डाव्या हाताने रीळ फिरवायचं आणि तोंड बंद ठेवायचं. तिसरी गोष्ट जावयाला शिकवावी लागली नाही.

जावई लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी बसून, आपल्या बाजूच्या ब्रेकवर पाय ठेवून, 'आता हळूच डावीकडे घ्या' म्हणायचा. कोणी खांबाला गाडी चिकटवली तरी आवाज चढत नसे. एवढा शांत माणूस आप्पांना कधीच पटला नव्हता. पोटात काही नसेल तर माणूस इतका गप्प कशाला राहील?

आणि आता हे मीठ. तळं गोड्या पाण्याचं. समुद्र इथून लांब. पहाटे गाडी काढली तर दुपारच्या आत पोचता येईल इतका लांब. रीळ याआधी दोनदा जाम होऊन आलं होतं. लेकच घेऊन यायची. "आप्पा, बघता का जरा? ह्यांना काही कळत नाही त्यातलं." पहिल्या वेळी आत पांढरी पूड दिसली ती त्यांनी धूळ समजून पुसली. पण दुसरंही काही दिसलं होतं. ब्रेकपाशी एक बेअरिंग असतं, एकाच दिशेला मोकळं फिरणारं. ते चक्क उलटं बसवलेलं होतं, म्हणजे रीळ उजव्या हाताने फिरवावं लागेल असं. "धांदरट!" असं म्हणून आप्पांनी ते सरळ केलं आणि रीळ परत पाठवलं. दुसऱ्या वेळी आलं तेव्हा बेअरिंग पुन्हा उलटं. पुन्हा सरळ केलं. आज तिसरी खेप. बेअरिंग उलटंच, आणि शिवाय ब्रेकची चकती मिठाने अशी खाल्ली होती की आता त्या रिळात दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आप्पांनी भिंग डोळ्यावरून काढलं. कुठंतरी पाणी मुरतंय, आणि तेही खारं. जावई तळ्यावर जातो म्हणून सांगतो आणि समुद्रावर जातो. तिथं हे रीळ दुसरंच कोणीतरी हातात घेतं. ते कोण असेल, ह्यावर आप्पांना फार विचार करावा लागला नाही. नवरा रविवारी बायकोला खोटं सांगून गावाबाहेर जातो तेव्हा तिथं काय त्याचा मामा असतो?

लेक स्वयंपाकघरात चहा टाकत होती. दुधाची पिशवी कापायला तिनं खणातली कात्री घेतली, दोनदा दाबली, तिसऱ्यांदा वैतागली.

"आप्पा, ही आईची कात्री अजून इथंच? ही उजव्या हाताला कापत नाही."

"असू दे. कात्रीचा काय गुन्हा?"

ती कात्री आप्पांनी स्वतः घासून, पाती उलटी जोडून बायकोसाठी केली होती. बायको डावखुरी. बटाटे सोलायची सुरी, झाऱ्याची मूठ, सगळं त्यांनी तिच्या हाताच्या बेतानं करून दिलेलं. आणि त्याच माणसानं पुढं तिच्या येण्याजाण्यावर पाळत ठेवली. ती संध्याकाळी पोहायला शिकायला जायची, आप्पांना वाटलं पोहायचं हे निमित्त आहे. एकदा ते तिच्या मागे मागे गेले आणि तिला ते एका दुकानाच्या काचेत दिसले. ती मागे वळली, म्हणाली, "चला घरी." भांडली नाही, रडली नाही, आणि त्याच आठवड्यात सामान बांधून गेली. तिचा काही दोष नव्हता हे आप्पांना नंतर कळलं. खरं सांगायचं तर, नंतरही पुरतं पटलं नाही. ती कुठं राहते ते त्यांना कोणी सांगितलं नाही आणि त्यांनीही मान वाकवून कोणाला विचारलं नाही.

"जावईबापू रविवारी कुठं जातात ग?" आप्पांनी चहाचा कप हातात घेत विचारलं. आवाज इतका गोड, की लेकीनं लगेच कान टवकारले.

"तळ्यावर. का?"

"आणि तू?"

"माझी रविवारी कामावर पाळी असते. तुम्हाला माहितीय."

"तळ्याचं पाणी कधीपासून खारट झालं, तेवढं सांग."

लेकीचा हात थांबला. कोण, कुठं, कशावरून, असलं काही तिनं विचारलं नाही. ती एवढंच म्हणाली, "तुम्ही परत सुरू झालात?"

"अग, तुझ्या भल्यासाठी..."

"आईच्या वेळीही भल्यासाठीच होतं ना? हे बघा आप्पा, माझ्या घरात हे चालू करायचं नाही. त्यांच्यावर पाळत ठेवलीत, कुठं चारचौघांत तमाशा केलात, तर मी इथं यायची बंद होईन. गंमत नाही करत मी."

करत नव्हतीच. तिच्या आईचाच चेहरा होता तो, काचेतला.  आता आप्पांच्या घराचं दार वाजवणारं माणूस एवढं एकच उरलं होतं. ते गेलं की मग भिंतीवरची घड्याळं आणि आप्पा. पण गप्प बसावं तर पोरीचा संसार डोळ्यांदेखत बुडतोय, आणि ती बिचारी त्या मुखदुर्बळावर विश्वास ठेवून पाळ्या करतेय! काय करावं बापानं?

त्यांनी वेगळाच डाव टाकला. "बरं बाई, राहिलं. पण ते रीळ काही आता जगत नाही. नवीन घ्यावं लागेल. जावईबापूंना म्हणावं, मी येतो बरोबर. त्यांना कोणीही गंडवेल." रीळ निवडताना माणसाला सांगावं लागतं, कुठल्या पाण्यासाठी हवंय. तिथं कसं लपवतोस बघू, असं आप्पांच्या मनात होतं.

शनिवारी दोघे दुकानात गेले. लांबट, बोळासारखं दुकान. एका भिंतीला काठ्या उभ्या, दुसऱ्या भिंतीला रबरी बूट टांगलेले, मध्ये काचेचा कप्पा. कप्प्यामागे दुकानाच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे मावशी म्हणत. हाताच्या बोटांना जागोजागी चिकटपट्ट्या. चेहऱ्यावर हसू. दुकानदार हसला की आप्पा खिसा चाचपतात.

"गोड्या पाण्यासाठी की खाऱ्या?" मावशींचा पहिलाच प्रश्न.

जावयानं आप्पांकडे बघितलं. आप्पा रबरी बूट न्याहाळत होते.

"गोड्या," जावई म्हणाला.

"तळ्यासाठी," आप्पांनी पुस्ती जोडली. "तळ्याशिवाय आणखी जाणार कुठं, नाही का जावईबापू?"

मावशींनी एक काळं रीळ काढून ठेवलं. "मग हे पुरे. ओतीव आहे, वरून रंग. तळ्यात नदीत मजेत चालेल. दगडावर आपटू नका म्हणजे झालं."

आप्पांनी ते उचललं, चकती अंगठ्याने दाबून हलते का बघितली. थोडी हलत होती. नाक लावून आतल्या ग्रीसचा वास घेतला. मग कानाशी धरून फिरवलं, टिकटिक ऐकली. मावशी बघतच राहिल्या.

"रेडिओ नाहीये हो तो."

"बोलतं मात्र बरंच," आप्पा म्हणाले. "स्प्रिंग कमी ताकदीची आहे. पण तळ्याला चालेल. काय जावईबापू? घेऊन टाका."

जावई घुटमळला. गाडी शिकवताना असतो तसाच शांत, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. "दुसरंही बघू या ना. जरा टिकाऊ."

आलास का वळणावर! आप्पांना मनातून उकळ्या फुटल्या. आपला संशय खरा निघावा असं त्यांना वाटत होतं आणि निघू नये असंही वाटत होतं.

मावशींनी राखाडी रंगाचं एक रीळ काढलं. "हे घ्या. धातूच्या एकाच अखंड ठोकळ्यातून कापलेलं, ओतलेलं नाही. वरचा थर रंगाचा नाही, धातूवरच चढवलेला आहे, त्यामुळे त्याचे पोपडे निघत नाहीत. आणि ब्रेक पूर्ण बंद डबीत. रबरी कडी बसवलीय, आत ना वाळू जाणार ना मीठ."

महागातलं गळ्यात मारतेय, हे आप्पांनी ताडलं. त्यांनी रीळ ओढूनच घेतलं, चुका काढायच्या तयारीने. चकती दाबली, हलेना. फिरवलं, आवाज असा एकसारखा, की आप्पांनी ते दुसऱ्या कानालाही लावून बघितलं. चूक सापडली नाही याचा त्यांना रागच आला.

"हे घेतो," जावई म्हणाला.

"तळ्यासाठी?"

"टिकेल ना."

"तळ्यात न टिकायला काय झालंय? माझं रीळ तळ्यात जन्मभर टिकलं. तुमच्या हातात गेलं आणि बघता बघता कुजलं." आप्पांनी पिशवीतून जुनं रीळ काढून काचेवर ठेवलं. ठेवलं कसलं, आदळलंच.

मावशींनी ते उघडलं आणि चुकचुकल्या. "हे तळ्याचं काम नव्हे, आजोबा. हा समुद्र आहे. आणि धुतलंही नाही कोणी नीट."

मावशी एकदम भली बाई वाटायला लागली आप्पांना. त्यांनी जावयाकडे बघितलं. जावई जमिनीकडे बघत होता. लेकीचे शब्द आप्पांच्या डोक्यात घणघणत होते: तमाशा केलात तर यायची बंद होईन. त्यांनी दात आवळले. तेवढ्यात मावशींनी आपल्या कामाचा पुढचा प्रश्न विचारला.

"कुठल्या हातानं फिरवणार? तसं बसवून देते."

 बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवला, थांबला, पुन्हा वाजवला.

"उजव्या," जावई अगदी हळू म्हणाला.

"उजव्या?" आप्पांचा आवाज चिरकला. "तुम्ही काठी उजव्या हातात धरता. मी शिकवलंय तुम्हाला! उजव्यानं काठी, डाव्यानं रीळ. मग हे उजव्यानं फिरवणार कोण?"

"अहो, डावखुऱ्या माणसाला तसं लागतं," मावशी म्हणाल्या. "डाव्या हातात काठी, उजव्यानं रीळ. त्यात ओरडायचं काय?"

"म्हणजे ती डावखुरी आहे!" आप्पांचा तोल सुटला. "बोला ना आता! माझ्या पोरीला तळ्याच्या थापा मारून जिच्याकडे जाता ती डावखुरी आहे, होय ना?"

"हो," जावई म्हणाला. मग वर बघून, त्याच शांत आवाजात, "तुम्हाला माहितीय की, आप्पा."

 मला कसं माहीत असणार, असं म्हणायला आप्पा निघाले होते. मग त्यांना कात्री आठवली. ती पाती घासताना बायको समोर बसून 'नीट करा हो, बोट कापेल माझं' म्हणत होती, ते आठवलं. मावशींनी न सांगता एक स्टूल पुढं सरकवलं आणि आप्पा त्याच्यावर बसले.

"समुद्रावर राहते ती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पोरीला ठाऊक आहे?"

"आम्ही दोघंही जातो. हिची रविवारची पाळी वगैरे काही नसते. सांगायचं हिच्या मनात होतं, पण भीती वाटते तिला." जावई त्यांच्या शेजारी उकिडवा बसला. "एकदा मी काठी घेऊन गेलो, तर आई म्हणाल्या, मलाही शिकवा. आता माझ्यापेक्षा लांब फेकतात."

"तिला कधी आवडलं नाही हे. दिवसभर पाण्याकडे काय बघत बसता, म्हणायची."

"रीळ जाम झालं तेव्हा मी दुकानात टाकणार होतो. आईच म्हणाल्या, दुकानात कशाला, त्यांच्याकडे द्या." जावई थांबला. पुढचं सांगावं की नाही, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं. "म्हणाल्या, आतलं बेअरिंग उलटं बघितलं की ते ओळखतील. सांगावं लागणार नाही कोणाला."

आप्पांनी डोळे मिटले.

"मग?"

"तुम्ही सरळ करून पाठवलंत. उघडून बघितलं तेव्हा पहिल्यांदा त्या हसल्या. म्हणाल्या, विसरले असतील, पुन्हा द्या."

"आणि दुसऱ्यांदा?"

"दुसऱ्यांदा काही बोलल्या नाहीत."

फार लागलं ते आप्पांना. तिनं त्यांच्यावर भरवसा ठेवला होता. इतकं सगळं होऊनही, हा माणूस आपला हात तरी ओळखेल, असं तिला वाटलं होतं. आणि ह्यांनी भिंग लावून काय बघितलं? एक परकी बाई, एक लबाड जावई आणि एक बुडणारा संसार. समोर जे होतं ते सोडून बाकी सगळं बघितलं. 'धांदरट' म्हणाले होते ते. तिला.

आणि गंमत बघा माणसाची. एवढं होऊनही जिभेच्या टोकावर प्रश्न आलाच: तिथं तिच्याबरोबर आणखी कोण राहतं? अगदी शब्दाला शब्द जुळवून, तयार. जावयाला तो दिसला असणार, कारण समोर ब्रेक असल्यासारखा त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. आप्पांनी तोंड उघडलं.

"तिचा अंगठा दुखतो का अजून? उजव्या हाताचा?"

जावयाचा पाय सैल झाला. "दुखतो. गार हवेत जास्त."

"मग ही मूठ चालायची नाही." आप्पा उठले, राखाडी रिळाच्या बारक्या मुठीवर त्यांनी नख आपटलं. "मावशी, ह्याला जाड मूठ मिळेल? चिमटीत धरायला लागू नये अशी. आणि रीळ ह्याच बांध्याचं, पण वजनाला हलकं असेल तर काढा. तिचं मनगट बारीक आहे."

मावशींनी खालचा खण उपसला. बरंच धुंडाळल्यावर एक जरा हलकं रीळ आणि लाकडाची गोल, जाडसर मूठ निघाली. आप्पांनी ती स्वतःच्या अंगठ्याखाली फिरवून बघितली, मग डोळे मिटून पुन्हा फिरवली. मावशी बेअरिंग बसवायला पाना घेऊन आल्या, तसा आप्पांनी हात पुढं केला.

"द्या इकडे. हे मी करतो."

त्यांनी खिशातलं भिंग डोळ्याला लावलं, चकती काढली, बेअरिंग चिमट्यानं उचललं आणि उलटं करून बसवलं.  उजव्या हातानं फिरवून बघितलं. दोरी गुंडाळायच्या बाजूला मोकळं, सुटायच्या बाजूला ब्रेक. बरोबर.

"समुद्रावरून आलं की गोड्या पाण्यानं धुवायचं म्हणावं. नळाची जोरदार धार मारायची नाही, साधं पाण्यात बुडवून हलवायचं. आणि वाळवायचं सावलीत."

"तुम्हीच सांगा ना," जावई म्हणाला. "उद्या निघतोय आम्ही. येता?"

"तिनं बोलावलंय?"

जावई ह्या वेळी खोटं बोलला नाही. "नाही."

"मग नको. न बोलावता तिच्या मागे जाऊन झालंय माझं एकदा." आप्पांनी रीळ शेवटचं कानाशी धरलं, ऐकलं आणि जावयाच्या हातात ठेवलं. "माझ्या हातून गेलेलं रीळ ती उघडून बघते, म्हणालात ना?"

"बघतात. नेहमी."

"बघू दे," आप्पा म्हणाले आणि भिंग खिशात ठेवून दुकानाच्या पायऱ्या उतरायला लागले.